यझ्द (इराण): काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि त्यातले जुने नेमके किती

रेताड_वाट:

इराणच्या प्रवासाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात इस्फहानचे निळे घुमट आणि शिराझजवळचे पर्सेपोलिस यांनाच बहुतेक जागा मिळते. यझ्द मात्र या दोन शहरांमधला एक मुक्काम म्हणून परिच्छेदभरात उरकले जाते. मी तिथे पाच दिवस राहिलो, आणि त्यातले पहिले दोन दिवस मी शहर चुकीच्या क्रमाने पाहिले असे आता माझे मत झाले आहे. इथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी तरी ती चूक करू नये, यासाठी हा धागा काढतो आहे.

चूक अशी की, सगळे जातात तसा मीही आधी अमीर चखमाक चौक, मग जामा मशीद, मग दौलताबाद बाग असा उंच आणि देखण्या इमारतींच्या मागे गेलो. पाणी-संग्रहालय मी तिसऱ्या दिवसावर टाकले होते, कारण नळ आणि मडकी पाहायला इतक्या दूर कशाला यायचे, असा माझा ग्रह होता. तिथून बाहेर पडलो तेव्हा आधी पाहिलेली प्रत्येक वास्तू पुन्हा पाहावी लागणार हे लक्षात आले, आणि उरलेले दिवस मी तेच केले.

कारण सरळ आहे. दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत या दोन वाळवंटांच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात वर्षाला जेमतेम साठ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपण ज्या माण-खटावला कायमचा दुष्काळी भाग म्हणतो, तिथला पाऊसही याच्या कित्येक पट आहे. शहरातून नदी वाहत नाही. नैर्ऋत्येला चार हजार मीटरहून उंच असलेला शीरकूह डोंगर आहे आणि त्याच्यावरचे बर्फ वितळून पायथ्याच्या खडे-वाळूत मुरते. हे मुरलेले पाणी जमिनीखालून, हवेत उडून जाऊ न देता, केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणणारे भुयार म्हणजे कनात. (तंबूच्या कनातीशी या शब्दाचा काही संबंध नाही, फारसीत याच भुयाराला कारीझ असेही म्हणतात.)

संग्रहालय ‘कुलाहदूझ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या जुन्या हवेलीत आहे आणि ते २००० साली सुरू झाले. हवेलीच्या तळघरांतून पायऱ्या खाली खाली जातात आणि प्रत्येक टप्प्यावर हवा गार होत जाते. कनात कशी खणतात ते इथे नीट समजते. आधी डोंगराच्या पायथ्याशी ‘मादर-चाह’ म्हणजे आईविहीर खणून पाणी लागते का ते पाहायचे, मग जिथे पाणी उजेडात आणायचे तिथून उलट दिशेने, अगदी अल्प चढ ठेवत भुयार खणत यायचे, आणि माती वर काढण्यासाठी व हवा खेळण्यासाठी वाटेत ठराविक अंतरावर उभ्या विहिरी पाडायच्या. या विहिरींच्या तोंडाशी टाकलेल्या मातीची कडी विमानातून वारुळांच्या रांगेसारखी दिसतात. खणणाऱ्या कारागिराला मुकन्नी म्हणतात. त्याचे पांढरे कपडे तिथे मांडले आहेत. भुयार ढासळले तर तेच त्याचे कफन होत असे, असे तिथले लोक सांगतात. त्याचा तेलाचा दिवा दोन कामे करी: ज्योत मंदावली तर हवा संपत आल्याचे कळे, आणि मागे ठेवलेल्या दिव्यांच्या रेषेवरून भुयार सरळ चालले आहे की नाही ते तपासता येई. माती ठिसूळ असेल तिथे भाजलेल्या मातीची लंबगोल कडी एकापुढे एक बसवून भुयाराला आतून आधार देत.

मला सर्वांत अधिक वेळ थांबवले ते एका तांब्याच्या वाटीने. तळाला बारीक भोक असलेली ही वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक हिस्सा संपला. पाण्याचा वाटा अशा वाट्यांवर मोजला जाई, तो विकत घेता येई, वारसाहक्काने मिळे आणि मशिदीला किंवा मदरशाला वक्फ म्हणून देताही येई. आपल्या लग्नात मुहूर्ताची वेळ पाहण्यासाठी जे घटिकापात्र ठेवत असत, त्याची रचना नेमकी हीच. तिथल्या काचेच्या पेटीसमोर उभा राहून मी आजोळच्या देवघरातले घंगाळ आणि त्यात तरंगणारी वाटी आठवत होतो.

हे पाहून मग जामा मशिदीत जावे. तिच्या उंच कमानीच्या दारावर पन्नास मीटरच्या आसपास उंचीचे दोन निमुळते मिनार आहेत आणि चौदाव्या शतकातील काशीकाम, म्हणजे रंगीत चकचकीत फरशांची नक्षी, इतके बारीक आहे की जवळ गेल्यावर नक्षी आणि अक्षरे वेगळी काढणे कठीण होते. मेहराबावरच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावरच्या, काशीकामावर १३६५ सालाशी जुळणारी तारीख आहे. परंतु ज्याने पाणी-संग्रहालय आधी पाहिले आहे, तो चौकात येताच खाली उतरणाऱ्या पायऱ्या शोधतो, कारण या चौकाखालून झार्च नावाची, सत्तर किलोमीटरहून लांब कनात जाते. २०१६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या इराणच्या अकरा कनातींपैकी ती एक आहे. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, यझ्दचे जुने शहरही त्या यादीत आले.

उरलेल्या ठिकाणांविषयी थोडक्यात. पंधराव्या शतकात, तैमूरचा मुलगा शाहरुख याच्या काळात, यझ्दचा सुभेदार असलेला अमीर जलालुद्दीन चखमाक आणि त्याची पत्नी फातिमा खातून यांनी मशीद, बाजार, सराई आणि हमामासह एक पूर्ण संकुल उभारले. आज त्याच्या नावाने छायाचित्रांत दिसणारी तीन मजली कमानींची दर्शनी बाजू मात्र त्याच्या काळातील नाही, ती एकोणिसाव्या शतकातील आहे. झरतुष्ट्रींच्या, म्हणजे पारशी धर्माच्या लोकांच्या, अग्निमंदिराची इमारत तर १९३४ ची आहे. तिला अर्धा तास पुरतो. आरसे आणि दिव्यांचे संग्रहालय ज्या महालात आहे तो विसाव्या शतकातला, वेळ असेल तरच पाहावा. लारी हवेलीतील रंगीत काचांच्या खिडक्या संध्याकाळच्या उन्हात पाहाव्यात.

कौलारू:

धाग्याबद्दल आभार. मी पेशाने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आपण शीर्षकात विचारलेल्या ‘जुने नेमके किती’ या प्रश्नावर थोडे लिहितो, आणि त्याआधी ज्याला आपण एका ओळीचीही जागा दिली नाही त्या बादगीरांवर लिहितो, कारण यझ्दला ‘बादगीरांचे शहर’ असेच म्हणतात.

बाद म्हणजे वारा आणि गीर म्हणजे धरणारा. आलमगीर या शब्दातला ‘गीर’ तो हाच. घराच्या छपरावर उभारलेल्या या मनोऱ्याला वरच्या भागात उभ्या फटी असतात आणि आतून तो पडद्या-भिंतींनी अनेक उभ्या नळ्यांत विभागलेला असतो. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूची नळी हवा खाली ढकलते आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूची नळी खोलीतील गरम हवा वर ओढून घेते. वारा पडलेला असला तरी गरम हवा वर चढतच राहते, त्यामुळे मनोरा तेव्हा धुराड्यासारखे काम करतो. खाली हौद असेल किंवा तळघर कनातीच्या पाण्याला भिडलेले असेल तर आत येणारी कोरडी हवा त्या पाण्यावरून जाताना बरीच गार होते. म्हणजे आपला पाण्याचा मुद्दा इथेही लागू पडतोच. यझ्दचे बादगीर बहुधा चारही बाजूंनी किंवा आठही बाजूंनी उघडे असतात. जवळच्या अर्दकानमध्ये मात्र एकाच बाजूला तोंड असलेले पुष्कळ दिसतात, कारण तिथे उपयोगी वारा एका ठरलेल्या दिशेने येतो आणि बाकीच्या दिशांनी धूळ येते.

साठवणीच्या पाण्यासाठीही हीच युक्ती आहे. आब-अंबार म्हणजे जमिनीखालचा घुमटाकार हौद; पन्हाळ्याच्या अंबारखान्यात धान्याचा जो अंबार, तोच इथे पाण्याचा. यझ्दमधील एका प्रसिद्ध आब-अंबाराला सहा बादगीर आहेत आणि त्याचे नावच ‘शश बादगीरी’ पडले आहे. हवा सतत पाण्यावरून फिरत राहिल्याने पाणी गार राहते आणि कोंदटपणा येत नाही.

आता जुने किती ते पाहू. दौलताबाद बाग अठराव्या शतकाच्या मध्यास यझ्दचा सुभेदार मोहम्मद तकी खान याने वसवली आणि २०११ साली ती इतर इराणी बागांबरोबर जागतिक वारशात गेली. तिथला सुमारे ३३ मीटर उंचीचा अष्टकोनी बादगीर जगातील सर्वांत उंच म्हणून दाखवला जातो. पण तो मधल्या काळात कोसळला होता आणि आजचा मनोरा १९६० च्या दशकात पुन्हा बांधलेला आहे. जामा मशिदीचे मिनारही १९३० च्या दशकात पडझड होऊन पुन्हा उभारावे लागले. घरांच्या भिंतींवर काहगेल, म्हणजे पेंढा कालवलेल्या चिखलाचा लेप असतो. ‘काह’ म्हणजे गवत, ‘गिल’ म्हणजे चिखल. आपला ‘गिलावा’ त्याच ‘गिल’चा. हा लेप काही वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो. तेव्हा कच्च्या विटांच्या शहरात भिंतीचा पृष्ठभाग शंभर वर्षांचा असणे शक्यच नाही, आणि तसा तो असावा ही अपेक्षा आपल्याकडे दगडी देवळे पाहून झालेली सवय आहे. अमीर चखमाकची दर्शनी बाजू नंतरची आहे म्हणून तिचे मोल कमी, असे जे आपल्या लेखनातून सूचित होते, ते मला मान्य नाही.

बनमस्का:

माझे पणजोबा यझ्दजवळच्या तफ्त भागातील खेड्यातून पुण्यात आले, त्यामुळे मी या धाग्यावर तटस्थ नाही हे आधीच सांगते. आमच्या घरी गुजरातीइतकेच मराठी बोलले जाते, आणि आजीच्या तोंडी यझ्दच्या झरतुष्ट्री वस्तीतील बोलीचे काही शब्द शेवटपर्यंत होते. मुंबई-पुण्यातील इराणी हॉटेले चालवणाऱ्या झरतुष्ट्री कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळे यझ्द आणि करमान या दोन शहरांच्या आसपासच्या गावांत आहेत. शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आलेले ते पारशी आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आलेले ते इराणी, हा भेद बहुतेकांना ठाऊक नसतो.

रेताड_वाट, अग्निमंदिराला अर्धा तास पुरतो हे आपले वाक्य मला खटकले. १९३४ हे इमारतीचे वर्ष आहे, अग्नीचे नव्हे. परंपरेप्रमाणे हा अग्नी इसवी सन ४७० पासून अखंड जळतो आहे. तो आधी पार्समध्ये, म्हणजे शिराझच्या बाजूच्या फार्स प्रांतात होता, मग अकदा गावी, मग अर्दकानच्या परिसरात कित्येक पिढ्या जपला गेला, आणि पंधराव्या शतकात यझ्दमध्ये आणून एका धर्मगुरूंच्या घरात ठेवला गेला. ज्या काळात अग्निमंदिर उघडपणे बांधणेच धोक्याचे होते, त्या काळात तो साध्या घराच्या आतल्या खोलीत राहिला. यझ्दमधील आजच्या इमारतीत जुने काय आहे हे पाहायचे असेल तर काचेपलीकडे पाहावे लागते. तिथे मोठ्या धातूच्या पात्रात लाकडे जळत असतात.

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. आतश बहराम ही सर्वोच्च दर्जाची अग्निमंदिरे जगात एकूण नऊ आहेत. त्यांपैकी आठ भारतात: उदवाडा, नवसारी, सुरतेत दोन आणि मुंबईत चार. नववे यझ्दचे. या अग्नीच्या स्थापनेसाठी सोळा प्रकारचे अग्नी एकत्र करून शुद्ध करावे लागतात, आणि त्यात विजेपासून लागलेला अग्नीही लागतो. मुंबईच्या चारही आतश बहरामांत अन्यधर्मीयांना प्रवेश नाही. यझ्दमध्ये मात्र कोणालाही काचेबाहेर उभे राहून दर्शन घेता येते. गिरगावात किंवा धोबी तलावाजवळ ज्या दारांसमोरून आपण आयुष्यभर जातो त्यांच्या आत काय असते, याची कल्पना मराठी माणसाला प्रत्यक्ष यायची असेल तर ती यझ्दलाच येते. आणि यझ्दची ही इमारत उभी राहिली तीही भारतातील पारशांच्या पैशावर.

तिथल्या आणखी दोन जागांचा मुंबईशी संबंध आहे. पहिली, शहराबाहेरच्या टेकड्यांवरचे दोन दख्मे. मृतदेह उघड्यावर ठेवण्याची ही वर्तुळाकार बांधकामे १९६०-७० च्या सुमारास वापरातून गेली; आता पायथ्याशी दफनभूमी आहे. दोहोंपैकी एक दख्मा माणेकजी लिमजी हातरिया यांच्या नावाने ओळखला जातो. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी इराणमधील आपल्या धर्मबंधूंची स्थिती सुधारण्यासाठी त्यांना पाठवले. त्यांनी शाळा काढल्या, दुरुस्त्या करवल्या आणि तेहरानच्या दरबारात वर्षानुवर्षे खेटे घातले. त्याचा परिणाम म्हणून १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने झरतुष्ट्रींवरचा जिझिया रद्द केला.

दुसरी जागा म्हणजे मार्कर संग्रहालय. पेशोतनजी मार्कर हे मुंबईचे पारशी दानशूर गृहस्थ. त्यांनी यझ्दमध्ये शाळा आणि अनाथ मुलांसाठी वसतिगृह उभारले. त्याच शैक्षणिक संकुलात आज झरतुष्ट्री इतिहास आणि संस्कृतीचे संग्रहालय आहे, आणि जवळच्या चौकातील घड्याळाच्या मनोऱ्याला त्यांचेच नाव आहे. संग्रहालय लहान आहे: धर्मविधीची भांडी, वेशभूषा, हिरव्या-लाल रेशमाचे भरतकाम केलेले बायकांचे कपडे, लग्नाचे साहित्य. भरतकाम केलेल्या त्या सलवारी अरुंद पट्ट्या जोडून शिवलेल्या असतात. आमच्या घरी तसली एक जीर्ण सलवार ट्रंकेत होती आणि ती इतक्या चिंध्यांची का, हे मला लहानपणी कधीच कळले नव्हते.

कौलारू यांनी बादगीरांवर लिहिले म्हणून एक पुरवणी जोडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत यझ्दच्या झरतुष्ट्रींना आपल्या घरांवर बादगीर बांधण्याची परवानगी नव्हती. घराची उंची, कपड्यांचा रंग, शहरात घोड्यावर बसणे, या सगळ्यांवर निर्बंध होते. जुन्या झरतुष्ट्री मोहल्ल्यातून चालताना घरे इतकी बुटकी का आहेत, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर हे आहे.

रेताड_वाट:

बनमस्का, आपले म्हणणे मान्य आहे आणि ‘अर्धा तास’ मी मागे घेतो. त्या मोहल्ल्यातून मी दोनदा गेलो आणि छपरांवर मनोरे नाहीत हे माझ्या ध्यानातही आले नाही. नसलेली गोष्ट पाहायला कोणीतरी सांगावे लागते.

कौलारू, दर्शनी बाजूविषयीचा आपला आक्षेपही बरोबर आहे. माझा रोख इतकाच होता की माहितीपत्रकात पंधराव्या शतकाचे नाव आणि एकोणिसाव्या शतकाचे चित्र शेजारी छापले जाते. त्या चौकात उभी असलेली ‘नखल’ ही पानाच्या आकाराची प्रचंड लाकडी चौकटही आवर्जून पाहावी. मोहरममध्ये तिच्यावर काळे कापड, आरसे आणि खंजीर चढवून ती इमाम हुसेनच्या शवपेटीचे प्रतीक म्हणून मिरवली जात असे. तिथली सर्वांत मोठी नखल आता जागची हलवत नाहीत.

खाम_नदी:

मी छत्रपती संभाजीनगरचा. मलिक अंबरने सतराव्या शतकात आमच्या शहरासाठी जी नहर आणली ती म्हणजे कनातच का? लहानपणी आम्ही हिमायत बागेच्या बाजूला नहरीचे उसासे पाहत असू. तोंडाला कान लावला की खालून पाण्याचा आवाज येई. पाणचक्कीचे पाणीही भुयारातूनच येते. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याविषयीही असेच ऐकले आहे.

रेताड_वाट:

तत्त्व एकच आहे: वरच्या अंगाला झिरपलेले पाणी भुयारात घ्यायचे आणि उताराने शहरात आणायचे. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, जो १६१५ च्या सुमाराचा आहे, त्याच्यात एका ओळीने असलेल्या विहिरी आणि त्यांना जोडणारे भुयार असल्यामुळे तो इराणी नमुन्याच्या फार जवळ जातो. नहर-ए-अंबरीत मात्र पुढच्या टप्प्यात चुना-विटांचे बांधीव मार्ग, मातीचे नळ आणि पाण्याचा दाब सांभाळणारे उंच मनोरे येतात. यझ्दमध्ये तसे मनोरे दिसत नाहीत; तिथे पाणी वर चढवत नाहीत, माणूस पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरतो. त्या उतरत्या जिन्याला ‘पायाब’ म्हणतात. आपल्या बारवेत उतरताना जी गार हवा अंगाला लागते, तीच तिथे लागते, फक्त जिना बंदिस्त आणि अंधारा असतो.

शंकासुर:

‘सिकंदराचा तुरुंग’ या ठिकाणाचा उल्लेख कोणीच केला नाही. सिकंदराने खरोखरच तिथे कैदी ठेवले होते काय? प्रवासवर्णनांत तसे सर्रास लिहिलेले असते.

रेताड_वाट:

नाही. ती तेराव्या शतकातील ‘झियाइया’ नावाच्या मदरशाची इमारत आहे. सिकंदर आणि ती यांच्यात दीड हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. अंगणाच्या मध्यभागी खाली उतरणारी विहिरीसारखी जागा दाखवून मार्गदर्शक तिला अंधारकोठडी म्हणतात, पण तशी खोल तळघरे यझ्दच्या किती तरी घरांत आहेत. नावाची गंमत हाफिजच्या एका गझलेत आहे. सिकंदराच्या तुरुंगाला कंटाळलो, आता बिस्तरा आवरून सुलेमानाच्या मुलखाला जातो, अशा अर्थाचा त्याचा शेर आहे. त्यात तुरुंग म्हणजे यझ्द आणि सुलेमानाचा मुलूख म्हणजे त्याचे आवडते फार्स, असा अर्थ लावला जातो. शिराझच्या कवीला यझ्द मानवले नाही आणि यझ्दकरांनी त्याचा टोमणा इमारतीला चिकटवून तिकीट लावले.

शेजारचीच ‘बारा इमामांची कबर’ हीही अशीच नावाने फसवणारी आहे. तिथे बारांपैकी एकही इमाम पुरलेला नाही. आत त्यांची नावे लिहिलेला लेख होता म्हणून ते नाव पडले. मात्र इमारत अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे शहरातील सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंपैकी आहे. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवण्यासाठी कोपऱ्यांत जी लहान कमानींची रचना केली आहे, ती कौलारूंनी अवश्य पाहावी. बाहेरून ती इतकी साधी आहे की लोक सिकंदराच्या तुरुंगाचे छायाचित्र काढताना तिच्याकडे पाठ करून उभे राहतात.

जामा मशिदीजवळच सय्यद रुकनुद्दीनची निळ्या घुमटाची कबर आहे, १३२५ च्या सुमाराची. तिच्या संकुलात एके काळी खगोलीय घड्याळ होते. घड्याळ केव्हाच नाहीसे झाले, पण त्या मोहल्ल्याचे नाव अजूनही ‘वक्त-ओ-साअत’ आहे.

तालमीतला:

कोल्हापूरकर म्हणून एक भर घालतो. अमीर चखमाक चौकाजवळच्या साहेब-उझ-झमान या झुरखान्याविषयी लिहिले गेले नाही. झुरखाना म्हणजे बळाचे घर, तिथली तालीम. मधोमध अष्टकोनी खोलगट आखाडा असतो, उंच बैठकीवर मुर्शिद ढोल वाजवत काव्य म्हणतो आणि त्या ठेक्यावर पेहलवान मुद्गलासारखे लाकडी ‘मील’ फिरवतात, जोर काढतात, जागच्या जागी गरगर फिरतात. या परंपरेला २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आत शिरताना आपल्याकडच्यासारखाच मातीला आणि वडीलधाऱ्यांना मान देण्याचा रिवाज आहे, फक्त तिथे आखाड्यात तांबडी माती नसते.

मला विशेष वाटले ते असे की, हा झुरखाना सोळाव्या शतकातील एका जुन्या आब-अंबारात आहे. वर घुमट आणि बादगीर, खाली पाण्याऐवजी पेहलवान. आमच्याकडे कुस्तीच्या मातीला हौदा म्हणतात; तिथे तो शब्दशः हौदच निघाला.

शंकासुर:

सिकंदर सोडून दिला. आता दोनच दिवस असतील तर काय करावे, ते एकदा सरळ सांगा. आणि शहराबाहेर एक दिवस काढावा का?

रेताड_वाट:

पहिल्या दिवशी सकाळी पाणी-संग्रहालय, तिथून चालत जामा मशीद, रुकनुद्दीनची कबर आणि बारा इमामांची कबर. दुपारी ऊन चढले की जुन्या गल्ल्यांवरच्या छप्पर असलेल्या ‘साबात’ वाटांनी मुक्कामावर परतावे आणि संध्याकाळी अमीर चखमाक व झुरखाना पाहावा. चौकाजवळच्या मिठाईच्या दुकानांत ‘कुत्ताब’ मिळते. बदामाचे सारण भरून तळलेली ही पिठीसाखरेत घोळलेली वडी आपल्या करंजीची नातेवाईक आहे. दुसऱ्या दिवशी अग्निमंदिर आणि मार्कर संग्रहालय सलग पाहावे, एकाविना दुसरे अपुरे राहते. त्यानंतर दौलताबाद बाग, आणि ऊन उतरल्यावर दख्मे. टेकडी फार उंच नाही, पण तिच्यावर सावली अजिबात नाही.

तिसरा दिवस मिळाला तर पन्नास किलोमीटरवरच्या मैबोदला द्यावा. तिथे नारीन किल्ला या नावाचा मातीचा प्राचीन गढीवजा किल्ला आहे. त्याच्या माथ्यावरून दिसणाऱ्या गावाचा रंग आणि किल्ल्याचा रंग वेगळा करता येत नाही. त्याखेरीज हिवाळ्यात गोठवलेले बर्फ उन्हाळ्यापर्यंत साठवणारे घुमटाकार यखचाल आहे, आणि शेतीला खत मिळावे म्हणून हजारो कबुतरांसाठी आतून कोनाडे केलेला कबुतरखाना आहे. चकचक हे डोंगरातले झरतुष्ट्री तीर्थ मात्र त्याच दिवशी कोंबू नये, असे माझे मत आहे, जरी गाडीवाले तेच सुचवतात.

मैबोदला शाह अब्बासच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सराईतच झिलूचे संग्रहालय आहे. झिलू म्हणजे सुती विणीची सतरंजी, बहुतेक निळी-पांढरी, मुख्यतः मशिदींत अंथरण्यासाठी विणलेली. पुष्कळ झिलूंच्या काठावर कोणी, कोणत्या मशिदीला आणि कोणत्या साली ती वक्फ केली, हे विणीतच लिहिलेले असते, आणि काहींवर विणकराचे नावही असते. बनमस्का यांनी सांगितलेल्या सलवारीच्या पट्ट्यांप्रमाणे इथेही विरलेल्या जागी दुसऱ्या तुकड्याचे ठिगळ लावलेले दिसते. संग्रहालय दोन खोल्यांइतकेच वाटते म्हणून लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात. काठावरची अक्षरे वाचून दाखवणारा कोणी सोबत असेल तर तिथे तासभर सहज जातो.